पाणी ओढणारी गल्ली

चैत्र लागला की आमच्या गल्लीत उन्हावरून भांडणं सुरू होतात. ऊन फार झालं म्हणून नाही, कुणाच्याच वाट्याला पुरेसं येत नाही म्हणून. कुरडया-पापड घालायचे तर ऊन हवं, आणि ऊन फक्त गच्चीवर आहे. गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या आहेत, टीव्हीच्या तबकड्या आहेत, भाडेकरूंच्या कपड्यांच्या दोऱ्या आहेत. उरलेल्या जागेत जिची साडी आधी पसरली तिचं वाळवण. यंदा समोरच्या निकमवहिनींनी जिन्यातून हाक मारली, "तुमचेपण गहू भिजत घालू का हो?" मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दोन उन्हाळे झाले, मी कुरडई घातलेली नाही, आणि का नाही ते त्यांना ठाऊक आहे.

नाशिकला अंबडच्या कारखान्यांच्या पाठीमागे आमची वसाहत. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा बैठ्या घरांची एक रांग होती. प्रत्येक घरापुढे अंगण, अंगणात तुळस, आणि रांग संपली की द्राक्षांचे मळे. मळ्याच्या कडेला विहीर होती, पलीकडे ओढा. भर वैशाखातसुद्धा पहाटे अंगावर चादर ओढावी लागायची. माहेरी सिन्नरला गेले की मी नाशिकच्या थंडाव्याची फुशारकी मारायचे, जणू काही तो मीच विकत आणला होता.

मग एकानं ओटा पुढे घेतला. दुसऱ्यानं ओट्यावर पत्रे टाकले. तिसरा म्हणाला, पत्र्यापेक्षा स्लॅबच टाकू. स्लॅब पडला की वर खोली निघते, आणि खोली निघाली की तिला भाडेकरू मिळतोच. पेठहून, सुरगाण्याहून, सटाण्याहून, पार बिहारहून पोरं यायची आणि दारात उभी राहून विचारायची, "खोली मिळेल का?" निकमभाऊंच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत दिवसपाळीची आणि रातपाळीची पोरं मिळून राहायची. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर पडायचा. "आमच्याकडचं अंथरूण कधी गार होत नाही," असं निकमभाऊ हसून सांगायचे. मीही हसायचे. आता त्या वाक्याची मला किळस येते.

मळे गेले, ओढ्यावर फरशा टाकून वर दुकानं झाली. विहीर राडारोड्यानं बुजवली आणि तिच्यावर निकमांचं घर उभं राहिलं. दर पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरातली एक फरशी खाली बसते आणि दर दिवाळीला ते ती उचलून खाली सिमेंट भरतात. चिमण्या कधी गेल्या ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर ती ऊब घरात सोडतात. नाशिकमध्ये भर दुपारी ट्यूब लावून तांदूळ निवडावे लागतील, असं मला नवी नवरी असताना कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मला माणसांचा राग येत नाही. खरं तर येतो, पण कुणावर काढावा ते कळत नाही. जो येतो तो पोटासाठी येतो, जो खोली चढवतो तो पोराच्या शिक्षणासाठी चढवतो. एकेकाशी बोलायला बसावं तर ज्याचं त्याचं बरोबरच असतं. सगळ्यांचं मिळून जे होतं ते मात्र फार वाईट असतं.

बाहेरगावच्या लोकांना वाटतं, नाशिककरांना पाण्याची काय कमी? गंगेच्या काठचं गाव. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. आणि पाणी होतंही. रांगेतल्या बैठ्या घरांना नळ सोडला की बादली भरभरून वाहायची. त्याच नळाच्या जोरावर पुढे तीन-तीन मजले उभे राहिले. पाणी वर चढेना, म्हणून निकमभाऊंनी नळाच्या पाइपालाच मोटार जोडली. नळ आपणहून देईल तेवढं घ्यायचं, ही रीत संपली. मोटार ओढून घेते. त्यांनी ओढलं की त्यांच्या शेजाऱ्याकडे थेंब येईना, म्हणून शेजाऱ्यानं त्यांच्याहून मोठी मोटार आणली. मग त्याच्या शेजाऱ्यानं. आमच्याकडेही आली. निकमभाऊंनी पुढे शहाणपण केलं, भाडेकरूंचे तंटे नकोत म्हणून प्रत्येक खोलीची टाकी वेगळी केली आणि मोटार ज्याची त्यानं आणायची असं ठरवलं. पाणी सुटलं की सगळी गल्ली एकदम घरघरायला लागायची आणि दारातली भांडी थरथरायची.

नळाला मोटार लावायची बंदी आहे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तपासणीची गाडी चौकात दिसली की निरोप आमच्याकडे आधी पोचायचा. बायका पटापट मोटारी सोडवायच्या आणि कुणी पलंगाखाली, कुणी पिठाच्या डब्यात लपवायच्या. एका घरात तर पाळण्यात मोटार निजवून वर दुपटं घातलं होतं आणि सासूबाई अंगाई म्हणत झोका देत होत्या. तपासणीवाले गेले की गल्लीभर हशा पिकायचा. ती गोष्ट आम्ही हळदी-कुंकवाला रंगवून सांगायचो.

वैशाली आली ती याच सगळ्यात. हरसूलकडची पोर, नवरा प्रकाश अंबडला पत्रा कापायच्या मशीनवर. निकमांच्या पहिल्या मजल्यावरची खोली त्यांनी घेतली. माझं स्वयंपाकघरही पहिल्या मजल्यावर, आणि तिची खिडकी माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर. सुरुवातीला मी पडदा ओढून घ्यायचे. तिच्या फोडणीचा ठसका मला लागायचा आणि माझ्या घरातलं भांडण तिला शब्दन् शब्द ऐकू जायचं. एके दिवशी पलीकडून आवाज आला, "काकू, नागलीची भाकर खाता का?" आणि खिडकीतून एक हात आत आला, हातात काळसर भाकरी, वर लसणाची चटणी. पडदा नंतर मी काढूनच टाकला.

तिला या घरांची मोठी गंमत वाटायची. "आमच्याकडं एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरी ऐकू नाय जात, मधी डोंगरच असतो," असं सांगायची. पण नळाचं तिला खरं अप्रूप होतं. तिकडे पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि सगळं वाहून जातं. चैत्र आला की बायका डोंगर उतरून झिऱ्यावर जातात, झिरपेल तेवढं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरतात आणि पुन्हा चढतात. वैशालीचं सगळं लहानपण त्या चढणीवर गेलं होतं. प्रकाशनं मोटार आणली त्या दिवशी तिनं तिला हळदी-कुंकू लावलं. मी तिची चेष्टा केली तर म्हणाली, "हसा तुम्ही काकू. माझ्या डोक्यावरचा हंडा हिनं उतरवला."

ती गरोदर राहिली. डोहाळजेवण निकमांच्या गच्चीवर केलं, कारण दुसरीकडे दहा बायका बसतील एवढी जागाच नव्हती. दोन टाक्यांच्या मधे पाट मांडला. तिची आई हरसूलहून आली होती. बारीक चणीची, पायांना भेगा, बोलणं कमी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून ती लेकीला न्यायलाच आली होती. वैशालीची पिशवी आठवड्यापासून भरून तयार होती. तिला जायचंच होतं. इथं जीव कोंडतो, रात्री वारा म्हणून लागत नाही, आईच्या दारात उघड्यावर खाट टाकून निजायचंय, असं ती मला खिडकीतून रोज सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं. वैशालीनं बटण दाबलं आणि वरच्या टाकीत पाणी धबाधबा पडायला लागलं. तिची आई जिन्यात उभी राहून ते ऐकत होती. मग ती आत गेली, मोरीतला नळ सोडला आणि बराच वेळ धारेखाली हात धरून बसली. बाहेर आली ती ठरवूनच.

"तू इथंच ऱ्हा," ती म्हणाली. "चैत लागलाय. तिकडं आता झिरा आटंल. बाळंतिणीला ऊन पाणी लय लागतं, मी एकटी किती वाहू? इथं दारात पाणी हाय."

"आई, मला यायचंय."

"आन् पोटुशी तू हंडा न्यायला निघशील. मला ठाव हाय तू बसायची नाय. मीच येते इकडं, दिस भरले का."

वैशाली रडली. प्रकाशनं सासूची बाजू घेतली, निकमवहिनींनी घेतली, आणि त्या घटकेला गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. त्यात चूक काय होती? आईनं लेकीला पाण्याजवळ ठेवलं. भरलेली पिशवी पुन्हा रिकामी झाली आणि म्हातारी एकटीच एसटीनं परत गेली.

त्या उन्हाळ्यात पाण्याला वास यायला लागला होता. पहिल्यांदा गढूळ यायचं, मग जरा स्वच्छ. आम्ही पहिली बादली मोरीत ओतायचो, उरलेल्यावर तुरटी फिरवायचो, नळाला फडकं बांधायचो. उन्हाळ्यात धरणाचा तळ गाठला की असं येतंच, असं जो तो दुसऱ्याला सांगायचा. मग दोन-तीन घरांत कावीळ निघाली. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला, कोपऱ्यावर उसाचा रस विकणारा. उत्तरेकडचा, एकटा, गाडीखालीच झोपणारा. गल्लीतल्या बाप्यांनी जाऊन त्याची गाडी उलटी केली. तो विखुरलेला बर्फ गोळा करत होता आणि कुणाकडेही बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो कोपरा रिकामा होता आणि आम्हाला वाटलं, चला, कावीळ गेली.

वैशालीला अन्नाचा वास नको झाला. उलट्या व्हायच्या. शेवटच्या महिन्यांत होतं असं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मी तिला रोज बघत होते, हातभर अंतरावरून, पण ट्यूबच्या उजेडात. त्या उजेडात सगळेच जरा निळसर, जरा आजारी दिसतात.

कुरडयांचा चीक शिजवून मी गच्चीवर नेला तेव्हा ती मदतीला आली. मी नको म्हणत होते, पण तिला वारा खायचा होता. टाकीच्या सावलीतून ती उन्हात आली, सोऱ्या घ्यायला हात पुढे केला आणि माझ्याकडे बघून हसली. तिचे डोळे पिवळेधमक होते. नखं पिवळी होती, तळवे पिवळे होते. किती दिवसांपासून होते कोण जाणे. आमच्या गल्लीत ते दिसण्याएवढा उजेडच नव्हता. हातातलं पातेलं मी तसंच खाली ठेवलं, चीक सांडला, आणि मी तिला म्हणाले, "वैशाली, चल, आत्ता दवाखान्यात जायचं."

"काय झालं काकू?" ती म्हणाली. मी तिचा हात धरून जिन्याकडे निघाले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि प्रकाशला बाहेर घेऊन सांगितलं की एरवी माणूस यातून उठतो, पण पोटात मूल असताना ही कावीळ फार वाईट असते. तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं. तिची आई आली ती पदराच्या गाठीत कावीळ उतरवायची माळ बांधून. ही माळ डोक्यावर बसवतात, ती दिवसागणिक लांब होत खाली सरकते, आणि पायातून निघाली की कावीळ उतरली असं धरतात. वैशालीला तेव्हा माणसं ओळखू येत नव्हती. आईनं नर्सला हात जोडले, नर्सनं दुसरीकडे बघितलं आणि आईनं माळ लेकीच्या डोक्यावर बसवली. माळ गळ्यापर्यंत आली होती तेव्हा पोट फाडून मुलगी काढली. मुलगी जगली. वैशाली गेली.

तिला गावाला नेलं. प्रकाशची मोटार त्या दिवसापासून बंद होती, पण गल्लीतल्या बाकी मोटारी दुसऱ्या सकाळी वेळेवर सुरू झाल्या. मीही बटण दाबलं. घरात पाणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नळाची माणसं आली आणि त्यांनी गल्लीच्या तोंडाशी खोदायला घेतलं. आमच्याकडे ओटे पुढे आल्यामुळे गल्ली इतकी अरुंद झाली आहे की पाण्याचा पाइप आणि गटार यांना वेगळी वाट उरलेलीच नाही. खड्ड्यात पाइपाचा सांधा दिसला. तो गटाराच्या घाणीत बुडालेला होता. पाणी सोडून बघू, म्हणून कुणीतरी चावी फिरवली. आम्ही सगळे काठावर उभे होतो. सांध्यातून पाण्याचा बारीक फवारा उडाला. मग सवयीनं घराघरांतून मोटारी सुरू झाल्या, आणि फवारा थांबला. खड्ड्यातलं काळं पाणी हळूहळू सांध्याकडे सरकायला लागलं. बघता बघता ते आत जायला लागलं, लहान मूल बशीतून चहा ओढतं तसा आवाज करत. आमच्या मोटारी ते ओढत होत्या. निकमवहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या घरात गेल्या. रसवाल्याचं नाव त्या दिवसानंतर मी गल्लीत ऐकलेलं नाही.

वैशालीची आई पुन्हा आली ती लेकीचं सामान न्यायला. बाळ झोळीत होतं. तिला पाण्याचं कळलं होतं, प्रकाशनं सांगितलं असावं. मी तिला आत बसवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. आल्या माणसाला पहिल्यांदा पाणी द्यायचं, एवढं तर हातांना आपोआप येतं.

"उकळलेलं आहे मावशी," मी म्हणाले.

"असंल," ती म्हणाली. तिनं पेला दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरला, आणि मग न पिता जमिनीवर ठेवला. "ती येते येते म्हनत व्हती. म्याच नाय नेली."

मी तिला सांगायला हवं होतं की तुमचा काय दोष. तसं मी म्हणालेही. तिनं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तिनं कपड्यांची पिशवी डोक्यावर घेतली, बाळ छातीशी बांधलं आणि जिना उतरली. वैशाख होता. गावी पोचून तिला झिऱ्यावर जायचं होतं, कारण आता बाळाच्या दुपट्यांसाठीही पाणी लागणार होतं. तिच्या पाठमोऱ्या मानेकडे बघताना मला या घराची, या गल्लीची, हातभर अंतरावरच्या त्या खिडकीचीही शिसारी आली. हे शहर सोडून जावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. गेलो मात्र कुठेच नाही. यांची नोकरी इथं, घर इथं. आणि जाऊन जाऊन जायचं कुठं? जिथं जाऊ तिथं आम्हीही दारात उभं राहून खोली मिळेल का म्हणूनच विचारणार.

सांधा बदलला. गल्लीची बैठक झाली आणि मोटारी कुणी लावायच्या नाहीत असं ठरलं. काही दिवस खरंच कुणी लावल्या नाहीत. सकाळी इतकं शांत असायचं की नळातून पडणारी धार ऐकू यायची. पण ती धार करंगळीएवढी होती, आणि तळमजल्याच्या वर चढत नव्हती. बायका हंडे घेऊन जिने चढू लागल्या. कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाची कामावरची वेळ चुकली, भाडेकरू खोल्या सोडायच्या गोष्टी करू लागले. मग एका सकाळी कुठूनतरी घरघर ऐकू आली. कुणाची ते शोधायला कुणीही बाहेर आलं नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत सगळ्यांच्या मोटारी जागेवर होत्या. आम्ही आता पाणी उकळून पितो, एवढाच काय तो फरक. सांधे मात्र गल्लीत आणखी कितीतरी आहेत आणि ते सगळे त्याच गटारात आहेत.

प्रकाश दुसरीकडे राहायला गेला. ती खोली दीड-दोन महिनेसुद्धा रिकामी राहिली नाही. माणसं आली, गेली. गेल्या महिन्यात तिथं कोमल आली आहे, बागलाणातली. तिचा नवराही अंबडलाच आहे. तिला उठताना कमरेवर हात ठेवायची सवय नुकतीच लागली आहे, आणि अजून तिनं कुणाला सांगितलेलं नाही. मला खिडकीतून दिसतं.

परवा तिनंच हाक मारली. "काकू, आमच्याकडे पाणीच चढत नाही हो. मोटार कुठली घेऊ?"

मी तिला सगळं सांगितलं. वैशालीचं सांगितलं, खड्ड्याचं सांगितलं, तिच्या आईचंही सांगितलं. ती खिडकीच्या गजाला धरून ऐकत होती. डोळे भरून आले तिचे. ते पदरानं पुसून ती अगदी हळू आवाजात म्हणाली,

"पण काकू, मोटार नाही लावली तर पाणी वर येईल कसं?"

पाणी उकळून पी, भरपूर वेळ उकळ, माहेरी लवकर जा, असं काहीबाही मी सांगत राहिले. ती मान डोलावत राहिली. संध्याकाळी तिचा नवरा खांद्यावर खोकं घेऊन जिना चढताना दिसला. गल्लीतल्या सगळ्यांच्या मोटारींपेक्षा ते मोठं होतं. दुकानदारानं सांगितलं म्हणे, तुमच्या गल्लीत लहान चालत नाही.